शेजारच्या खुर्चीवरचा माणूस

मुलुंडपासून दहिसरपर्यंत कुठेही शोधा, चुकीच्या माणसाला इतका अचूक सल्ला देणारा दुसरा गृहस्थ तुम्हाला सापडायचा नाही. हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे भावोजी. अंधेरीच्या एका कंपनीत नव्या भरतीला तयार करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. तिथे केव्हातरी कुणा पाहुण्या वक्त्याने सांगितलं, की चूक दाखवताना समोरच्याचा मान राखावा. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, समोसे खाल्ले आणि विसरून गेले. भावोजींनी मात्र त्याचं व्रत घेतलं. ज्याची चूक, त्याला ती सांगायचीच नाही. त्याच्या शेजारी बसलेल्याला सांगायची. ज्याची असेल त्याने आपली आपण उचलून घ्यावी. समोरच्याचा मान राहतो. शेजारच्याचा जातो, पण त्याच्याबद्दल वक्ता काही बोलला नव्हता.

कंपनीत मोठ्या साहेबांचं भाषण पडलं, तेव्हा भावोजींनी साहेबांच्या देखत त्यांच्या ड्रायव्हरला सुनावलं, "मुद्द्यावर यायला फार वेळ लावतोस तू." ड्रायव्हर त्या दिवसापासून सिग्नल तोडायला लागला. केशकर्तनालयात कल्ला वाकडा कापला गेला, तर हे बाजूच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "हात स्थिर ठेवायला शिका जरा." तो बिचारा तोंडभर फेस घेऊन स्वतःच्या हातांकडे बघत बसला. आणि बहिणीकडे आमटी खारट झाली, की माझ्याकडे वळून, "संजू, मीठ टाकताना लक्ष कुठे असतं रे तुझं?" ताई स्वयंपाकघरातून उसळायची, "त्याला कशाला बोलता? आमटी मी केलीय!" त्यावर हे शांतपणे भात कालवत, "मी कुठे तुला काही म्हणालो?"

हे भावोजी निवृत्तीनंतर आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या नाट्यमंडळाचे मार्गदर्शक झाले. तालमी सोसायटीच्या हॉलमध्ये, पाण्याच्या पंपाच्या घरघरीत. मी पडदा ओढणारा. दोरी विंगेत, भावोजींची खुर्ची दोरीला लागून, त्यामुळे साऱ्या नटमंडळींचे दोष वर्षानुवर्षं माझ्या नावावर जमा होत आले. माझी एन्ट्री उशिरा होते, माझं रडणं खोटं वाटतं, नऊवारीत मला चालता येत नाही. मंडळींना ही पद्धत पाठ होती. माझ्यावर पाऊस पडला, की ज्याची त्याची छत्री उघडायची.

यंदा मात्र मुख्य भूमिका मंडळात नव्यानेच आलेल्या प्रज्ञाकडे आली. बी विंगमधली ही मुलगी लॅबमध्ये रक्त काढते. दिवसभर "थोडंसं टोचेल हं" म्हणून म्हणून तिचा आवाज इतका मऊ झालेला, की तिसऱ्या रांगेत पोहोचेपर्यंत विरून जायचा. त्यात सोसायट्यांच्या नाट्यस्पर्धेतल्या प्रयोगाला वाशिमहून तिचे वडील येणार होते. त्यांना ऐकू कमी येतं. तरुणपणी ते स्वतः नाटकात काम करायचे, आणि लेकीला रंगमंचावर बघण्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा मुंबईला निघाले होते.

"संजू, तुझा आवाज पोहोचत नाहीये. पोटातून बोल!" भावोजी कडाडले. अख्ख्या नाटकात मला एक वाक्य नव्हतं. तालीम संपल्यावर प्रज्ञा माझ्याजवळ आली. "काका, मनाला लावून घेऊ नका हं. तुम्ही मस्त ओढता पडदा." आणि आनंदाने घरी गेली.

मी परतताना म्हणालो, "भावोजी, तिला सरळ सांगा ना. वाट लागेल नाटकाची."

"सरळ सांगितलं तर कोमेजेल पोरगी."

"मग मी सांगतो."

"तू काय सांगणार? तुझा स्वतःचा आवाज पोहोचत नाही."

हेही बहुधा तिलाच होतं. पण ती तिथे नव्हती.

रोज ते माझ्यावर जास्त चढत गेले, रोज ती माझ्याकडे जास्त दयेने बघत गेली. आवाज होता तिथेच. रंगीत तालमीला भावोजींनी शेवटचं अस्त्र काढलं. "संजू, एक माणूस एवढ्या लांबून येणार, शेवटच्या रांगेत बसणार, आणि त्याला तुझे नुसते ओठ हललेले दिसणार! त्यापेक्षा घरी बस!" माझ्या हातातली दोरी सुटली, पडदा खाली आला आणि पडद्यामागून एक गर्जना उठली.

"सर, बस झालं! काय छळ लावलाय त्यांचा? मुकाट्याने दोरी ओढतो माणूस, त्याला आवाज कशाला हवा? पडदा ओरडतो का? तुमच्या वयाला शोभतं का हे?"

गेटवरचा वॉचमन काठी घेऊन धावत आला. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली, "काय झालं गं?" मागे घरघरणारा पंपसुद्धा मला क्षणभर दचकल्यासारखा वाटला. भावोजींनी चष्मा काढून पुसला आणि वळले, अर्थात माझ्याकडे. "हां, संजू. हाच आवाज."

प्रज्ञा पडदा बाजूला सारून बाहेर आली. आधी माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणजे इतके दिवस ते... मला होतं?"

"मी कुठे तुला काही म्हणालो?"

प्रयोगाच्या दिवशी वाशिमची गाडी लेट झाली, आणि तिच्या वडिलांना खरोखरच शेवटच्या रांगेत जागा मिळाली. पहिल्याच प्रवेशात ते उठून दाराशी उभ्या असलेल्या लोकांना सांगायला लागले, "माझी मुलगी. ऐकू येतंय ना? मला येतंय." बक्षीस शेजारच्या सोसायटीने नेलं. त्याबद्दल भावोजींनी चहावाल्याला चांगलंच फैलावर घेतलं, निकाल देण्याआधी विचार करत जा म्हणून.

हॉल आवरून झाल्यावर आम्ही गेटपाशी तीन खुर्च्या टाकून बसलो. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला वॉचमन, मधे भावोजी. दिवाळीनंतर ते आणि ताई मुलाकडे दहिसरला कायमचे राहायला जाणार होते.  भावोजी हळूच वॉचमनकडे वळले.

"आज पडदा अगदी वेळेवर पाडलास. इतकी वर्षं माझं ऐकून घेतलंस, कधी तोंड वाकडं केलं नाहीस. तिकडे मला असा माणूस कुठून मिळणार रे?"

वॉचमन नुकताच कामाला लागलेला. तो गोंधळून उभा राहिला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "साहब, मैंने क्या किया?"

मी काहीतरी म्हणालो खरा. पण माझा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंतसुद्धा पोहोचला नाही.