देवापुढे ठेवलेले दोन बोल्ट

सव्वीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेलं बरंचसं मी विसरलो, किंवा विसरल्यासारखं करतो. पण मिनेसोटातल्या त्या घरातला पाळणा काही मनातून जात नाही. ऑक्टोबरातल्या शनिवारची दुपार होती. खिडकीच्या काचेला करंगळी जाईल एवढं भोक पडलं होतं, काचेचा चुरा पाळण्यातल्या चादरीवर सांडला होता आणि चादरीच्या वर वीतभर अंतरावर भिंतीत गोळी रुतली होती. सात महिन्यांच्या मुलीला घेऊन आई नेमकी दूध गरम करायला खाली गेली होती. मी पोचलो तेव्हा ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. तिने मुलीला इतकं घट्ट धरलं होतं की मुलगी रडत होती, आणि तरीही तिची पकड सैल होत नव्हती.

मी चौदाव्या वर्षी आईवडिलांबरोबर नागपूरहून इथे आलो. वडील इंजिनिअर. मुलगा पोलीस झाला हे त्यांना शेवटपर्यंत पचलं नाही. मराठी मंडळात कुणी विचारलं तर ते ‘गव्हर्न्मेंटमध्ये आहे’ एवढंच सांगत. आमच्या उपनगराच्या ठाण्यात डिटेक्टिव्हच्या टेबलापर्यंत पोचलेला मी एकटाच मराठी माणूस, आणि या गोष्टीचा मला अभिमान होता. त्या अभिमानाने पुढे काय केलं ते सांगायलाच हे लिहितो आहे.

आमचं गाव तसं झोपाळू. सायकल चोरीला गेली तरी लोक दोन दिवस तेच बोलतात. तिथे तान्ह्या मुलाच्या खोलीत गोळी शिरली म्हटल्यावर गाव हादरलं. भर दुपारी घरोघरचे पडदे ओढलेले दिसू लागले. शाळेच्या बसथांब्यावर मुलं आईबापांच्या पाठीमागे उभी राहू लागली. गोळी चुकून आली की कुणी नेम धरून मारली, हे आम्हालाच माहीत नव्हतं, आणि नेम धरणारा असेल तर तो पुन्हा मारेल ही भीती आमच्याही पोटात होती. त्या आठवड्यात मी माझ्या घराचेही पडदे ओढले होते.

भिंतीतून निघाला तो शिशाचा चेपलेला तुकडा. पॉइंट टू-टू, म्हणजे बंदुकांतली अगदी लहान गोळी. ती इतकी चेपली होती की कुठल्या नळीतून आली ते सांगता येईना. काचेतलं भोक आणि भिंतीतलं भोक यांच्यामधून दोरी ताणली, तेव्हा ती गावातल्या तळ्यापलीकडच्या घरांच्या मागे असलेल्या झाडांच्या पट्ट्याकडे निघाली. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे त्या पट्ट्यात गुडघ्यांवर रांगलो. संध्याकाळी गवतात पितळेची एक रिकामी पुंगळी सापडली. ती पिशवीत घालून सील केली. माझ्या मराठी शब्दांत पंचनामा झाला.

पुढचा आठवडा कोरडा गेला. त्यानंतरच्या सोमवारी पट्ट्याला लागून राहणाऱ्या एका वृद्ध बाईंचा फोन आला. शेजारच्या घरामागच्या लाकडी डेकवर काल दोन भारतीय माणसं दोन रायफली घेऊन बसली होती, आलटून पालटून खांद्याला लावून बघत होती, असं त्यांनी सांगितलं. फोन करताना आपलं नाव कुठे येणार नाही ना, हे त्यांनी तीनदा विचारलं.

दोघेही मराठी निघाले. नावं सांगत नाही, थोरला आणि धाकटा म्हणू. थोरला पुण्याचा, पंधरा वर्षं इथे स्थिरावलेला. धाकटा नागपूरचा, एका कंपनीत वर्क व्हिसावर, बायको आणि पहिलीतली मुलगी. दोघांची घरं तीन दारं सोडून. धाकट्याला घर थोरल्याने शोधून दिलं, गाडी चालवायला त्यानेच शिकवलं, आणि रायफलीचा नादही त्यानेच लावला. धाकटा त्याला दादा म्हणायचा.

त्यांचा नाद मला समजत होता. दोघांकडे एकाच कंपनीच्या टू-टू बोल्ट-अ‍ॅक्शन रायफली होत्या. बोल्ट म्हणजे नळीच्या मागे सरकणारा, मुठीचा पोलादी दांडा. तो मागे ओढला की रिकामी पुंगळी बाहेर पडते, पुढे ढकलला की नवी गोळी आत बसते, आणि गोळीवर आपटणारी पिन त्याच दांड्यात असते. धाकट्याच्या रायफलीचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, थोरल्याच्या रायफलीचा काळा प्लास्टिकचा. दर रविवारी नेमबाजीच्या रेंजवर जाऊन कुणाची सरस हे ठरवायचं, हा दोघांचा खेळ. धाकट्याने त्याची वहीच घातली होती. कुठल्या रायफलीने, कुठल्या गोळ्यांनी, किती यार्डांवर पाच भोकं नाण्याएवढ्या जागेत पाडली, सगळं तारीखवार. प्रत्येक टार्गेटच्या कागदाला त्या पाच पुंगळ्यांची पिशवी स्टेपल केलेली. बायको म्हणाली, एवढा हिशेब त्याने कधी वाणसामानाचा ठेवला नाही. आम्ही वॉरंट घेऊन दोन्ही रायफली, वही आणि पिशव्यांचं खोकं जप्त केलं.

दहा दिवसांनी लॅबचा रिपोर्ट आला. पट्ट्यातल्या पुंगळीच्या कडेवर पिनेचा जो ठसा होता, तो धाकट्याच्या रायफलीशी तंतोतंत जुळत होता. थोरल्याची रायफल जुळत नव्हती. मी धाकट्याला त्याच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये बेड्या घातल्या.

आपल्या माणसांची एक गंमत आहे, आणि ती महागात पडते. ती वकील मागत नाहीत. वकील मागितला म्हणजे गुन्हा कबूल केला असं त्यांना वाटतं. धाकट्याने सगळे हक्क ऐकून घेतले, कागदावर सही केली आणि माझ्याकडे बघून मराठीत म्हणाला, “काका, मी रेंजच्या बाहेर आजवर एक गोळी झाडलेली नाही. तुम्ही तरी विश्वास ठेवा.”

कॅमेरा चालू होता. काचेपलीकडे माझे सहकारी उभे होते. मी इंग्रजीत म्हणालो की इथे मी तुझा काका नाही, आणि यापुढे जे बोलायचं ते इंग्रजीत बोल.

आपला माणूस म्हणून सवलत दिली असं कुणी म्हणू नये, याची मला धास्ती होती. म्हणून इतर कुणाला दिला नसता एवढा त्रास मी त्याला दिला. तेच प्रश्न मी चार तास फिरवून फिरवून विचारले. रिपोर्ट त्याच्यापुढे सरकवला. त्या दुपारी तो घरीच होता आणि बायको-मुलगी डान्स क्लासला गेल्या होत्या, म्हणजे साक्षीला कुणी नव्हतं. तिसऱ्या तासाला तो म्हणाला की मशीन सांगतंय तर कदाचित बंदूक साफ करताना माझ्याकडून सुटली असेल, मला आठवत नाही. निर्दोष माणूस थकला की स्वतःवरच संशय घेऊ लागतो, हे मी पोरांना ट्रेनिंगमध्ये शिकवत असे. त्या दिवशी मात्र मी ते वाक्य अर्धा कबुलीजबाब म्हणून लिहून घेतलं.

गुन्हा शाबित झाला असता तर तुरुंग, आणि त्यानंतर देशाबाहेर रवानगी. त्याची बायको रोज संध्याकाळी ठाण्याच्या बाकावर येऊन बसे. थोरला तिला गाडीतून आणायचा, शेजारी बसायचा, थर्मासमधला चहा तिला ओतून द्यायचा. असा शेजारी मिळायला भाग्य लागतं, असं मी घरी बोललोही.

तिसऱ्या संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “काका, कंपनीने त्याचा बॅज बंद केलाय. मुलीला मी सांगितलंय की बाबा टूरवर आहे. ती मला म्हणते, ‘मम्मा, यू आर लाइंग.’ मला एवढंच सांगा, मी सामान बांधायला घेऊ का?”

मला काही सांगता येणार नाही, असं ठरलेलं उत्तर देऊन मी आत गेलो. आत जाऊन पाणी प्यालो. पुरावा पक्का होता, आणि तरी तो माणूस मला गुन्हेगार वाटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या तज्ज्ञाचा फोन आला. धाकट्याच्या रायफलीच्या बोल्टवर तेलात कालवलेली पिवळी आणि लाल भुकटी आहे, थोरल्याच्या बोल्टवरही तीच आहे, रासायनिक तपासणीला पाठवू का, असं तो विचारत होता. त्याने फोटो पाठवला आणि मला हसू आलं. हळदकुंकू होतं. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करतात, आमच्यात असतंच, पाठवायची गरज नाही, असं मी त्याला सांगून टाकलं.

फोन ठेवला, पण फोटो समोरच होता. बोटाचं टोक नीट उठलेलं होतं, दांड्याच्या बरोबर मध्यावर. बोल्ट बसवलेला असला की तो भाग रायफलीच्या आत लपलेला असतो, तिथे बोट पोचत नाही. म्हणजे पूजा झाली तेव्हा बोल्ट रायफलीतून बाहेर काढलेला होता. दोन रायफली, दोन बोल्ट, दोन्ही एकाच कंपनीचे. रायफलीवर नंबर कोरलेला असतो. या बोल्टवर नव्हता. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या रायफलीत सहज बसला असता.

मी तडक कोठडीत गेलो आणि पहिल्यांदा त्याच्याशी मराठीत बोललो. पूजा कुठे झाली, कशी झाली, सगळं सांग म्हणालो. पूजा थोरल्याच्या घरी, गोळी सुटल्यावर आठ दिवसांनी, रविवारी सकाळी झाली होती, आणि दुपारी दोघे नेहमीसारखे रेंजवर गेले होते. थोरल्याची बायको म्हणाली, घरात लेकरं आहेत, बंदुका देवापुढे ठेवा पण आतलं काढून ठेवा. म्हणून दोन्ही बोल्ट काढून एका ताटात, झेंडूच्या फुलांत मांडले होते.

“आणि परत कोणी बसवले?”

“मीच बसवले दोन्ही. दादा पाहुण्यांचं बघत होते.” मग हळू म्हणाला, “काका, त्या दिवसापासून माझा बोल्ट घासतोय. वहीत लिहिलंय मी. मला वाटलं, कुंकू गेलं असेल आत.”

आता प्रश्न पुराव्याचा होता. नुसत्या शक्यतेवर सरकारी वकील माणूस सोडत नाही. पण पुरावा दोन आठवडे आमच्याच मुद्देमालाच्या खोलीत पडून होता आणि कुणी उघडला नव्हता. पिशव्यांचं ते खोकं मी स्वतः गाडीत घालून लॅबला नेलं. पूजेच्या आधीच्या पुंगळ्या आणि पूजेच्या नंतरच्या पुंगळ्या, दोन्ही रायफलींच्या वेगवेगळ्या. तज्ज्ञाने दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पट्ट्यातली पुंगळी धाकट्याच्या रायफलीच्या पूजेनंतरच्या पुंगळ्यांशी जुळली, आधीच्या एकीशीही जुळली नाही. थोरल्याच्या रायफलीच्या मात्र आधीच्या सगळ्या पुंगळ्यांशी जुळली. गोळी सुटली त्या शनिवारी ती पिन थोरल्याच्या रायफलीत होती.

थोरल्याला बोलावलं. वकील हवा का विचारलं, तर नको म्हणाला. मी टेबलावर फक्त दोन पिशव्या ठेवल्या. त्याने तारखा वाचल्या आणि खुर्चीत खाली सरकला.

त्याच्या परसातल्या मेथीच्या वाफ्यात रोज ससा यायचा, असं त्याने सांगितलं. त्या शनिवारी तो झाडांच्या पट्ट्यापर्यंत सशामागे गेला आणि एक गोळी झाडली. ससा पळाला, याने सवयीने बोल्ट ओढला, पुंगळी गवतात पडली. गोळी कुठे गेली याचा विचारच मनात आला नाही. या गोळ्यांच्या डब्यावर छापलेलं असतं की दीड मैलापर्यंत धोका आहे. ती कुठे गेली ते संध्याकाळी बातमी कळली तेव्हा त्याला समजलं.

“रिपोर्टमध्ये माझी रायफल नाही आली, तेव्हा वाटलं, देवीने वाचवलं,” तो म्हणाला. “रिपोर्ट चुकलाय हे जगात फक्त मला माहीत होतं, सर. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं.”

“आणि रोज संध्याकाळी तिला घेऊन इथे येत होतास.”

“तिला एकटीला कसं पाठवणार?”

हे त्याने मनापासून म्हटलं होतं. मी इतकी वर्षं खोटं बोलणारी माणसं पाहिली, पण त्या उत्तराने जेवढा घाबरलो तेवढा कुठल्याही खोट्याने घाबरलो नाही. तो वाईट माणूस नव्हता. तो भ्याला होता, आणि भ्यालेल्या चांगल्या माणसाने शेजाऱ्याचं घर बुडताना पाहत चहा ओतून दिला होता.

धाकटा त्याच संध्याकाळी सुटला. कंपनीने कामावर परत घेतलं, पण वसंतात ते कुटुंब दुसऱ्या राज्यात निघून गेलं. जाताना त्याने आपली रायफल ठाण्यातून नेलीच नाही. थोरल्याने कोर्टात गुन्हा कबूल केला, त्याला शिक्षा झाली, बंदुका कायमच्या गेल्या. त्या बाळाच्या आईला भेटून माफी मागायची त्याची इच्छा होती. तिने नको असं कळवलं.

ठाण्यात माझी पाठ थोपटली गेली. हळदकुंकू ओळखणारा डिटेक्टिव्ह म्हणून एक-दोन वर्षं माझं कौतुक झालं. मला ते ऐकवत नसे. घरची गोष्ट होती म्हणून मला कळली, आणि तरी आधी मी ती हसून फोनवर उडवून लावली होती. बाकीच्या पंचवीस वर्षांत समोर बसलेली माणसं सोमालियाची होती, लाओसची होती, इथल्याच मूळ रहिवाशांच्या राखीव प्रदेशातली होती. त्यांच्या घरातल्या किती गोष्टी मला कळल्या नसतील?

निवृत्तीच्या आधी परवानगी काढून मी माझ्या जुन्या फायली वाचायला घेतल्या. एका फायलीत आरोपीने जबाबात दारापाशी ठेवलेल्या एका वस्तूबद्दल काहीतरी सांगितलं होतं, पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. समासात माझ्याच अक्षरात एक शब्द लिहिला आहे, ‘असंबद्ध’. तो माणूस चौदा महिने आत होता. त्याचा फोन नंबर मी शोधून काढला आहे. तीन वर्षं झाली, अजून लावलेला नाही.