दोन गोल्फ मैदानं आन् माही माय

दोस्तहो, आज सकाळी नातवानं मोबाइलवर वाचून दाखवलं: कुठंतरी एकाच भागात गोल्फची चार नामी मैदानं, हरेकाचा आर्किटेक्ट वेगळा.

"आपल्या राजूरचं नाव हाय काय त्यात?" म्या इचारलं. तो हासला.

साठच्या दशकात खाणीच्या दोन साहेबांनी चढाओढीनं इथं शेजारी-शेजारी मैदानं केली. उन्हात गवत जगे ना. म्हणून चेंडू ज्यात टाकतात त्या खड्ड्याभोवतीची गोल जागा माही माय शेणानं सारवे. घागरभर पाणी ओतून उतार पाहे, दोन्ही मैदानांवर वेगळा ठेवे.

एकदा ती त्या सारवलेल्या जागेवरून चालली, तं एक साहेब वरडला, "पैर मत रखो!"

साहेबांची नावं लोकाइले अजून पाठ हायेत. मायचं नाव सखू होतं. इतकं तरी ध्यानात ठेवसान काय?