रिकाम्या घरातली शिट्टी

आर्नहेम या डच शहराच्या बाहेर, लिंडनच्या झाडांच्या रांगेमागे, एक पांढरा बंगला आहे. त्यात मी राहिले. भाडेकरू म्हणून नाही, राखणदार म्हणून. रिकाम्या इमारतीत कुणी घुसून ठाण मांडू नये म्हणून इथले मालक आमच्यासारख्यांना स्वस्तात ठेवतात आणि वाटेल तेव्हा हाकलतात. याला सोय म्हणतात. कुणाची?

फाटकावरच्या पाटीवर सगळा इतिहास आहे. मधला चौकोनी भाग साखरेच्या व्यापाऱ्यानं बांधला. ऊस कुणी तोडला, ते पाटीवर नाही. त्याच्या जावयानं दोन्ही बाजूंना दालनं वाढवली. पुढे एका बँकवाल्याला दर्शनी भाग बोडका वाटला, त्यानं खांब उभे केले. मग वृद्धाश्रम आला, त्यानं लिफ्ट बसवली. आता कंपनी. ती खांब ठेवणार, आत महागडे फ्लॅट काढणार आणि मागचं स्वयंपाकघर पाडणार. त्याला म्हणे ऐतिहासिक मूल्य नाही! एवढ्या मालकांना जिनं जेवू घातलं, तीच खोली बिनकामाची.

कंपनीविरुद्ध पत्रक काढायला माझे हात शिवशिवत होते. पण समोरच्या खोलीतली कोल्हापूरची ताई म्हणाली, "माझी नोकरी पक्की होऊ दे गं. मग छाप काय छापायचं ते. आत्ता हाकललं तर मी कुठं जाऊ?" मी शब्द दिला.

सप्टेंबरात जुन्या वास्तू लोकांना बघायला उघडतात. कंपनीचा निरोप आला: सामान हटवा, दिवसभर कुणाला दिसू नका. गाद्या, सायकली, ओले कपडे, सगळं आम्ही मागच्या स्वयंपाकघरात कोंबलं आणि दार लावून घेतलं. मी येरझाऱ्या घालत होते.

"बस की जरा. फरशी झिजंल," ताई म्हणाली आणि सवयीनं तिनं कुकर चढवला.

दाराबाहेर पावलं थांबली. माहिती सांगणारा माणूस म्हणाला, "वृद्धाश्रम गेल्यापासून हे घर रिकामंच आहे."

कुकरची शिट्टी झाली.

"हे काय?" कुणा बाईनं विचारलं.

"जुने पाइप."

मी दाराकडे झेपावले. ताईनं माझं मनगट धरलं. शब्द दिला होता, थांबले. दुसरी शिट्टी झाली.

"पाइपांना वास मात्र झकास येतोय," बाहेर कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

मनगट सुटलं. "पाइप म्हणं!" ताई मराठीतच पुटपुटली आणि पळी हातात घेऊनच तिनं दार उघडलं. मग तिच्या मोडक्या डचमध्ये, एकेक शब्द जुळवत: "नमस्कार. आम्ही इथं राहतो. जेवायचं राहिलंय."

त्याच आठवड्यात खोल्या सोडायचा निरोप आला. ताई रॉटरडॅमला मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपते. नोकरीचं अजून नक्की नाही. मी फोनवर विचारलं, "आता छापू?"

"छाप की. आता कुणाच्या बापाला भ्यायचंय? पण आधी माझा कुकर आण. घाईत तिथंच राहिलाय."

सुट्टी मिळाली की मी सायकल काढून कुकर आणायला जाते. फाटकाला नवं कुलूप आहे. पाटी तीच आहे. ते स्वयंपाकघर अजून पाडलेलं नाही. मी गज धरून हाका मारते, आणि आतून कुणीच येत नाही.