मीनूच्या मशीनमधला श्वास

ग्राफ फारच चांगला आला होता, आणि नेमका म्हणूनच मला तो पटेना.

आमचे डॉक्टर खूश होते. "सुपर कॉम्प्लायन्स," म्हणाले. म्हणजे पेशंट सांगितल्याप्रमाणे रोज मशीन लावून झोपतोय. पण ती पेशंट, मीनू, अजून वर्गात बाकावर डोकं टाकून झोपत होती. डोळ्यांखालची काळी वर्तुळंही तशीच होती.

"मशीन चालतंय आणि मुलगी सुधारत नाही, म्हणजे दुसरं काहीतरी आहे," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा ऑपरेशनचा विचार करावा लागेल."

"सर, हे श्वास बघा. केवढे संथ आहेत. नऊ वर्षांचं मूल असा श्वास घेतं?"

"डीप स्लीप असेल."

"मला हे मीनूचे वाटत नाहीत."

"मग कुणाचे आहेत?" डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

मी रेस्पिरेटरी थेरपिस्ट. मूळची साताऱ्याची, नवऱ्याच्या ओरगडमच्या कारखान्यातल्या नोकरीपायी चेन्नईत आले ती इथलीच झाले. पेरुंगुडीला एका स्लीप क्लिनिकमध्ये काम करते. माझ्याकडे स्लीप अॅप्नियाची मुलं येतात. या आजारात झोपेत घशातली वाट बंद पडते, श्वास अडतो, मेंदू दचकून मुलाला जागं करतो आणि मूल परत झोपतं. रात्रभर तेच. आईबाप घोरण्याला घाबरतात. मी घाबरते ती घोरणं मध्येच थांबतं त्याला.

मीनूचे टॉन्सिल काढले तरी श्वास अडतच होता, म्हणून तिला मशीन दिलं. नाकावर मास्क लावायचा, नळीतून हलक्या दाबाने हवा येते आणि घसा उघडा राहतो. किती वापर झाला, श्वास कसा होता, हे मशीन स्वतःच क्लिनिकला कळवतं. जोडीला मी व्यायाम शिकवले होते. ओठांत कागदाचा कपटा धरून नाकाने श्वास घ्यायचा. जीभ टाळूला चिकटवून ठेवायची. तोंड मिटून भुंग्यासारखं गुणगुणायचं. झोपण्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं आणि कुशीवर झोपायचं. मीनूला भुंगा फार आवडायचा, लिफ्टमध्येसुद्धा सुरू असायचा. "व्यायाम केले की मशीन सुटेल ना?" असं सगळेच विचारतात. नाही सुटत. व्यायाम जागेपणी करायचे, झोपेत मशीनच लागतं.

ऑपरेशन हा शब्द काही माझ्या डोक्यातून जाईना. शनिवारी दुपारी मी तांबरमला त्यांच्या घरी गेले.

हे कुटुंब तंजावरकडचं मराठी. वडील बँकेत, आई घरून काम करते. आईने कानाला हेडफोन लावूनच दार उघडलं.

"या मॅडम. मीटिंग चाललीय, दोन मिनिटं हं. मीनू आत झोपलीय, आज्जीजवळ. मशीन लावलंय. ऐका ना."

ऐकू येत होतं. आतल्या खोलीतून हवेचा आवाज येत होता, आत, बाहेर, आत, बाहेर. आई कामाला गेली. मी दार ढकललं.

पडदे ओढलेले, एसी चालू. अलीकडे मीनू उताणी झोपली होती. पलीकडे भिंतीशी चादरीची एक लहानशी वळकटी दिसत होती, आज्जी कुठेच दिसेनात. मीनूच्या तोंडावर मास्क नव्हता. तोंड उघडं, ओठ कोरडे. छाती वर यायला धडपडत होती, पोट खाली ओढलं जात होतं आणि नाकातोंडातून काहीच येत नव्हतं. श्वास अडला होता.

आणि खोलीत मात्र कुणीतरी शांतपणे श्वास घेत होतं. आत, बाहेर.

इतकी वर्षं झोपलेली माणसं बघतेय मी, पण तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आधी मीनूला हलवलं. तिने मोठा आचका देऊन हवा घेतली आणि कूस बदलली. मग मी नळी पकडली. ती मीनूच्या अंगावरून जाऊन त्या चादरीत शिरली होती. मी नळीबरोबर हात सरकवत गेले. चादर हलली आणि आतून मीनूचा मास्क घातलेलं एक सुरकुतलेलं तोंड वर आलं. डोळे उघडे होते.

चिमणीएवढी म्हातारी. मुलांचा मास्क तिला बेताने बसला होता. तिने तो काढला आणि शांतपणे विचारलं, "कोण गं तू?"

"आज्जी, हे मशीन मीनूचं आहे."

"ठाऊक आहे मज." त्यांची मराठी जुनी, तमिळ चालीवर डुलणारी. "पण ते मजकडे येतात ना आधी."

"कोण येतात?"

"माझा यजमान. मेल्यापासून येतात. निजले की छातीवर बसतात, गळा धरतात. मी धडपडून उठते. आता लेकरूही तसंच उठतं. मजपासून तिजकडे गेले ते. हे लावलं आणि यायचे थांबले. मजकडे नाही आले तर तिजकडे कसे जातील? सरी ना, बरोबर ना?"

खुळी म्हणून सोडून द्यावी अशी बाई नव्हती ती. नातीसाठी दारात पहारा बसवावा तशी रोज मास्क लावून निजत होती. आईबाप दुसऱ्या खोलीत झोपायचे, त्यांना भिंतीपलीकडून मशीनचा आवाज ऐकू यायचा आणि जिवाला बरं वाटायचं.

मी मीनूच्या आईला बोलावलं, मीटिंग सोडून. नळी तिच्या हातात दिली आणि सासूबाईंकडे बोट दाखवलं. तिने कानावरचे हेडफोन काढले. "मला वाटलं, आता तरी पोरगी नीट झोपतेय," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

त्या रात्रीपासून मीनू आईजवळ झोपायला लागली. तिचा खरा ग्राफ आला तो भयंकर. मास्क ओढून काढलेला, श्वास पुन्हा पुन्हा तुटलेला. तो बघून मला केवढा आनंद झाला. डॉक्टरांना दाखवला तर ते म्हणाले, "ऑपरेशन होल्ड करा." पुढे मास्कची सवय झाली, ग्राफ हळूहळू सुधारला आणि मीनू वर्गात झोपते असे शाळेतून येणारे निरोप थांबले. ऑपरेशनचा विषय पुन्हा निघाला नाही.

आज्जींचीही तपासणी केली. त्यांचा श्वास मीनूपेक्षा जास्त वेळा अडत होता. घशाची ठेवण घराण्यातून येते, आजार खरंच आजीकडून नातीकडे गेला होता. त्यांच्या मापाचं मशीन आलं तेव्हा मीच लावून द्यायला गेले. आता नव्या पेशंटच्या घरी मी आधी विचारते, की घरात अजून कोण घोरतं आणि मूल कुणाजवळ निजतं. मशीन श्वास मोजतं. तो कुणाचा आहे ते बघायला माणसालाच जावं लागतं.

महिन्याभराने आज्जी क्लिनिकला आल्या. चेहरा टवटवीत, झोप छान.

"येतात का अजून?" मी विचारलं.

"नाही. एकदाही नाही." त्यांनी पदर सारखा केला. मग हळूच विचारलं, "एखाद दिवस नाही लावलं तर चालेल का गं? एकदा येऊन जातील."

"नाही चालणार, आज्जी."

त्या मशीनच्या पिशवीवर हात ठेवून बसून राहिल्या.