एल्स्पेटने खणलेला खंदक

युद्धाच्या दिवसांत पोर्टकार्न या मासेमारीच्या बंदरातल्या लोकांना हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा भरवसा नव्हता. जर्मन विमानं समुद्रावरून खाली उतरून येत, बंदरावर बॉम्ब टाकत आणि मग कुठे भोंगा वाजे. शाळेत झाडलोट करणाऱ्या एल्स्पेट कार्डनोचा नवरा समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या बोटीवर होता. घरी ती एकटीच. शाळेतल्या मुलांचा आसरा म्हणजे पार लांबच्या चर्चचं तळघर. एकदा सरावाच्या वेळी तिने घड्याळ लावून पाहिलं. शेवटचं पोर आत पोचायला साडेसहा मिनिटं लागली.

शाळेजवळच आसरा बांधून द्या, हे सांगायला ती नगरपालिकेत तीनदा जाऊन आली. माणसं नाहीत, लाकूड नाही, थांबा, असं सांगून तिला परत पाठवलं.

चौथ्या वेळी ती तिकडे गेलीच नाही. फावडं घेऊन शाळेमागच्या मैदानात उतरली. हेडमास्तर गेडिस धावत आले.

"मिसेस कार्डनो, याला परवानगी नाही हो."

"मग तुम्ही पाठ फिरवून उभे राहा. तुम्ही काही पाहिलंच नाही."

गेडिस थोडा वेळ पाठ फिरवून उभे राहिले, मग कोट काढून तेही खणू लागले. संध्याकाळी हेरिंग मासे कापून दमलेल्या बायका आल्या, सुरी लागू नये म्हणून बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या तशाच होत्या. छताला मासळीच्या खोक्यांच्या फळ्या, जुनी शिडं, वर गवताची ढेकळं. अकरा दिवसांत खंदक झाला.

ऑगस्टमधल्या एका सकाळी एल्स्पेट पायऱ्या घासत होती. समुद्राकडून तो ओळखीचा, हेलकावे खात येणारा विमानांचा घुमारा ऐकू आला. भोंगा गप्पच होता. तिने ब्रश टाकला आणि शाळेची घंटा हातात घेऊन बडवत ती वर्गावर्गांतून फिरली. ब्याण्णव मुलं दीड मिनिटात जमिनीखाली गेली. सगळ्यांत मागून, लहान मुलांच्या वर्गातल्या छोट्या नेटीला काखोटीला मारून, ती स्वतः आत शिरली. तोच जमीन हादरली आणि शिडांच्या फटींतून माती गळू लागली.

सगळे बाहेर आले तेव्हा लहान मुलांच्या वर्गाचं छप्पर बाकांवर कोसळलेलं होतं. खरचटलं कुणालाच नव्हतं. गेडिस भिंतीला टेकून रडले. एल्स्पेटने आधी मुलं मोजली, मग पुन्हा एकदा मोजली.

पुढच्या आठवड्यात नगरपालिकेचा माणूस खंदकाची मापं घ्यायला आला. दुसऱ्या शाळेतही तसाच करायचा होता. टेपचं दुसरं टोक एल्स्पेटनेच धरलं.

युद्धानंतरही ती चौदा वर्षं त्याच शाळेत होती. विमानाचा आवाज आला की तिचा हात थांबायचा. आवाज विरेपर्यंत ती मान वर करून ऐकत राहायची.