पोरासाठी बघितलेला डोह

निवृत्तीनंतर मी कड्यावरून नदीत उडी मारली, ती निव्वळ मुलगा घरी यावा म्हणून.

संदीप पुण्यात नोकरीला लागला आणि कोल्हापूरच्या घरात मी आणि मंगल असे दोघंच उरलो. मी शाळेत भूगोल शिकवायचो. (आता ऐकायला कोणी नव्हतं. मंगल तर आधीपासूनच ऐकत नव्हती.) घरात माणसं असल्यासारखं वाटावं म्हणून आम्ही टीव्ही मोठ्यानं लावायचो. फोन वाजला की दोघंही धावायचो. बहुतेक वेळा राँग नंबर असायचा. मंगल त्यांचीही चौकशी करून घ्यायची.

अशात संदीपचा फोन आला. त्याच्या ऑफिसातल्या पोरांना नवा नाद लागला होता. दोर लावून घळीत उतरायचं आणि कड्यावरून डोहात उड्या मारायच्या. आपल्याकडे अशी जागा असली तर सगळे येतील, मुक्कामही घरीच करतील, असं तो म्हणाला. मुक्काम म्हटल्यावर मी जागा आहे म्हणून सांगून टाकलं. कुठं आहे, ते मलाही ठाऊक नव्हतं!

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली. मागे मंगल, तिच्या मांडीवर जेवणाचा डबा आणि पाण्याची खोली बघायला दगड बांधलेली सुतळी. पहिल्या डोहावर बायका धुणं धूत होत्या. सुतळी बघून त्यांनी आम्हाला मासे चोरायला आलेले ठरवलं. दुसरीकडे कडा झकास, पण खाली गुडघाभर पाणी. तिसरी घळ अगदी हवी तशी होती, ती मंगलनं नापास केली.

"लई लांब हाय. पोरं जेवायला घरला यायची न्हाईत."

शेवटी मलकापूरच्या पुढं एक घळ सापडली. दोन्ही बाजूंना काळा कातळ, मध्ये हिरवंगार पाणी. सुतळी संपली तरी दगड तळाला लागेना. मंगल तिथंच मटण किती आणायचं याच्या विचाराला लागली. माझ्या मनात आलं, पोराला उडी मारायला सांगायची तर आधी आपण मारून बघावी. पंचगंगेत पोहत वाढलेला माणूस मी. कपडे काढले आणि मारली उडी. (चष्मा काढायचा राहिला.)

वर आलो तेव्हा चष्मा नव्हता. कातळ शेवाळलेला. चढायला गेलो की घसरून पुन्हा पाण्यात. शेवटी चाचपडत डोहाच्या टोकाला एका खडकावर जाऊन बसलो. मंगलनं सुतळी सोडली, पण दगड काढायला विसरली. तो माझ्या कानाजवळून गेला. मग ओढाओढीत सुतळी तुटली.

"मला व्हायचं न्हाय," ती वरून म्हणाली. "बसा तितंच. कोन तरी येईल."

आम्ही बसलो. ती वर, मी खाली. मला ती दिसत नव्हती, नुसता आवाज यायचा. मग तिनं विचारलं, "पोरं न्हाई आली तर?"

इतके दिवस हा प्रश्न आम्ही दोघांनीही टाळला होता.

"मग आपन दोघंच खाऊ की रस्सा," मी म्हणालो.

वरून डबा उघडल्याचा आवाज आला.

तेवढ्यात पाण्यात काहीतरी फुसफुसलं. मोठं, काळं, माझ्याच दिशेनं येणारं. मी मगर म्हणून ओरडलो. मंगलनं ती म्हैस असल्याचं वरून शांतपणे कळवलं. म्हशीमागून तिचा मालक आला. चालत! पाणी त्याच्या पोटरीपर्यंतसुद्धा नव्हतं.

"पावणं, हितं कशाला बसलायसा?" त्यानं विचारलं. घळीच्या वळणापलीकडं नदी उथळ होती, तिथून सरळ बाहेर पडता येत होतं. मी चड्डीवर, म्हशीच्या मागोमाग बाहेर आलो.

मंगल मागून रस्ता सांगत गेली तसे घरी पोचलो, तर फोन वाजत होता. संदीपच्या मित्रांनी पुण्याजवळचीच कुठली तरी घळ ठरवली होती. मी म्हणालो, हरकत नाही, पण आपली जागा चांगली होती, मी स्वतः उडी मारून बघितली.

पलीकडून हळूच आवाज आला, "पप्पा, आईकडं फोन द्या."

सकाळी पहिल्या गाडीनं तो दारात हजर. आधी स्कूटरची किल्ली काढून घेतली, मग मला डॉक्टरकडे नेलं. आठवडाभर राहिला. मंगलनं रोज रस्सा केला. तो जेवायचा आणि मधूनच, डोकं ठिकाणावर आहे का ते बघितल्यासारखा माझ्याकडे बघायचा.

आता सणाला रजा मिळत नाही असं त्यानं सुरू केलं की मी वाद घालत नाही. असू दे म्हणतो, आणि मी जरा मलकापूरकडं फिरून येतो म्हणून सांगतो. रजा लगेच मिळते. त्याच्या रजेच्या अर्जांमुळे साहेबाच्या लेखी मी गेली कित्येक वर्षं ठार वेडा आहे.