दौंडच्या सर्व्हरचं दावं

आमच्या इंटरनेट कनेक्शनच्या धंद्यात तिघे होतो. शिरूरची बाजू मी सांभाळायचो, दौंडची माझा मित्र. भांडवल केंदूरच्या आप्पांचं. आप्पा बागायतदार, सोसायटीच्या राजकारणात मुरलेले, कॉम्प्युटरला हात न लावणारे. तरीही शेवटचा शब्द त्यांचाच असायचा आणि त्यात आम्हाला काही वावगं वाटत नसे.

दोन्हीकडच्या सर्व्हरवर, म्हणजे गिऱ्हाइकांना नेट पुरवणाऱ्या मशीनवर, लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम होती. लिनक्स एकच, पण ते बांधून देणारे अनेक. त्या प्रत्येक बांधणीला डिस्ट्रो म्हणतात. माझा डिस्ट्रो एका कंपनीचा, सीडी घातली की मुकाट्यानं बसणारा. मित्राचा डिस्ट्रो जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेला. त्यानं तो महिनोन्‌महिने खपून, एकेक फाईल हातानं लिहून दौंडच्या मशीनवर बसवला होता. माझा सर्व्हर आठवड्याला रुसायचा. त्याचा कधी बंद पडल्याचं मला आठवत नाही, आणि याचा मला रागही यायचा.

मग माझ्या कंपनीनं फुकटचे अपडेट बंद करायचं जाहीर केलं. आता पैसे भरून तिचाच पक्का डिस्ट्रो घ्यायचा, नाहीतर मित्राचा दोन्हीकडे बसवायचा. दोन ठिकाणी दोन तऱ्हा पुरे झाल्या, असं आप्पांनी बजावलं होतं. मित्र मला आधीच म्हणाला होता, "माझं काढलं तर मी दौंडात करू काय? नुसता फोन उचलायचा व्हय?" यात अतिशयोक्ती नव्हती. ते मशीन म्हणजेच तो होता.

आप्पांनी आम्हा दोघांना केंदूरला, मळ्यात बोलावलं. बाजारात बैल पारखावा तसे त्यांनी दोन्ही डिस्ट्रो पारखले. कुठला जलद, कुठला टिकाऊ, हे विचारलंच नाही. मित्राला म्हणाले, "तुझं बिघडलं तर धरायचं कुणाला?"

"जगभरची माणसं हायेत आप्पा. विचारलं की सांगत्यात."

"त्यांचा धनी कोण?"

"धनी न्हाई कुणी."

"मंग जामीन कोण ऱ्हाणार?"

मी म्हणालो, "आप्पा, त्याचंच चांगलं आहे, त्याचंच घेऊ." मनापासून म्हणालो. पण कंपनीच्या कागदावर बेंगळुरूचा फोन नंबर होता आणि आप्पांना जामीन सापडला. पतसंस्था, कारखाना, सगळी मोठी गिऱ्हाइकं हाच प्रश्न विचारणार, हेही त्यांचं खरंच होतं. माझा मित्र समोर बसलेला असताना त्यालाच कुणी जामीन धरलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

दौंडच्या मशीनवरचा आपला डिस्ट्रो त्यानं स्वतःच पुसला. मी नवी सीडी घेऊन शेजारी उभा होतो. काम झाल्यावर त्यानं मागची निळी नेटवर्क केबल काढली. तिची टोकं त्यानंच बसवलेली होती. ती गुंडाळून पिशवीत टाकताना पाहून मी वैतागलो. "अरे, केबल कशाला नेतोस? लागेल ना."

"दुसरी लाव. जनावर दिलं तरी दावं देत न्हाईत. ठावं न्हाई का तुला?"

ठाऊक होतं. दावं घरी राहिलं की त्या दाव्याला पुन्हा जनावर येतं, म्हणून देत नाहीत. त्याचं घर मूळचं मेंढरामागं फिरणारं, ह्या गोष्टी तो पाळायचा. मी दुसरी केबल लावली.

पुढं काही अडलं की तो बेंगळुरूला फोन लावायचा आणि होल्डवरचं संगीत ऐकत बसायचा. थोड्याच महिन्यांत काम सोडून वडगाव रासाईला घरी गेला, कांदा करायला लागला. भेटी होईनात. मोठ्या कंपन्यांच्या ब्रॉडबँडपुढं आमचा टिकाव लागला नाही. आप्पांनी धंदा विकला. घेणाऱ्यानं मशीनं, मोडेम, वायरींची भेंडोळी, सगळं टेम्पोत भरून नेलं. मी काहीच काढून घेतलं नाही.

त्यानंतर मित्राला कावीळ झाली. कळलं तेव्हा दहावाही होऊन गेला होता. त्याच्या घरी गेलो तर त्याची आई ओसरीवर बसलेली. मी उगाच गोठ्याकडं पाहत राहिलो. खुंटीवर दाव्यांच्या शेजारी निळी केबल टांगलेली होती, पुसून, नीट वेटोळं करून.

माझी नजर बघून आई म्हणाली, "कुणाला हात लावू द्याचा न्हाई तिला. म्हणायचा, मशीन हाती घ्याला मला परत बोलावत्याल, तवा लागंल."

मला रडू आवरेना. आम्ही त्याला कधी बोलावलंच नव्हतं.

आईनं उठून ती केबल काढली आणि माझ्या हातात दिली. "तुमच्या कामाची हाय. घिऊन जा बाबा."

मी ती परत खुंटीला लावली. जोडायला माझ्याकडं मशीन उरलं नव्हतं.